पायाळूची पाठ

मी जन्मले ती पायांकडून. आई सांगायची, सुईणीने आधी तुझी पावलं पाहिली, तोंड नंतर. अशा माणसाला आमच्याकडे पायाळू म्हणतात आणि पायाळूच्या वाट्याला दोन गोष्टी येतात. एक म्हणजे आकाशात वीज चमकली की त्याने बाहेर थांबायचं नाही, कारण वीज म्हणे पायाळूला शोधत येते. दुसरी म्हणजे गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की त्या पाठीवर पायाळूने पाय मारायचा, मग उसण जाते. पहिल्या गोष्टीचा मला जन्मभर उपद्रवच झाला. दुसरीचं मात्र, खोटं कशाला बोलू, मला बरंच कौतुक होतं.

आता मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. हे वाचून ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं, मीही हसते. सकाळी फळ्यावर कार्यकारणभाव समजावायचा आणि संध्याकाळी घरी येऊन कुणाच्या तरी कमरेवर टाच ठेवायची, असं मी पंचवीस-सव्वीस वर्षं केलं. शाळेत कुणी टोकलं तर मी म्हणायची, लोकांना बरं वाटतं ना, मग माझं काय जातं?

सुरुवात लग्नानंतर पंधरा दिवसांत झाली. मालवणहून आचऱ्याला जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं गाव. आईने लग्नघरात चारचौघींत बोलता बोलता मुलगी पायाळू असल्याचं सांगून टाकलं होतं आणि सासूबाईंनी ते नीट लक्षात ठेवलं होतं. सासऱ्यांना भाताचे भारे उचलताना उसण भरली. त्यांना उंबऱ्यावर पालथं झोपवलं आणि सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली, "ये गो, तुझो पाय लाव हेंच्या पाठीक." माझी तर पाचावर धारण बसली. ज्यांच्यासमोर खुर्चीवर बसायची चोरी, त्यांच्या पाठीवर पाय कसा ठेवायचा? शेवटी मी खाली वाकले, त्यांच्या पावलांना हात लावून नमस्कार केला आणि मग उजवा पाय तीन वेळा त्यांच्या कमरेला टेकवला. चौथ्या दिवशी ते शेतात होते.

तेव्हापासून तो माझा रिवाजच झाला. माणूस वयाने मोठा असला की आधी नमस्कार, मग पाय. लोकांना ते फार आवडलं. "सून शिकलेली, पण रीत सोडूक नाय," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. "हिच्या पायाक गुण आसा" हे तर मी स्वतःच्या कानांनी मालवणच्या बाजारात, दोन अनोळखी बायकांच्या तोंडून ऐकलं आणि पापलेटाचा भाव करायचा विसरले.

आणखी एक कबूल करते. सुरुवातीला मी नुसता पाय टेकवायची. पुढे लोकच म्हणू लागले, बाई, जोरात मारा, लाजू नका. हळूहळू मी जोरात मारू लागले. टाच नेमकी कुठे बसवायची, किती रेटायचं, याचा मला अंदाज आला आहे असं मला वाटायचं. मला त्याची मजाही वाटू लागली होती.

शेजारचे काका आले ते याच काळात, दहा वर्षांपूर्वी. माडावर चढून नारळ पाडणं हे त्यांचं काम. आमच्या वाडीतले सगळे माड त्यांच्या पायाखालचे. ते कधी जमिनीवरून हाक मारत नसत, हाक यायची ती वरूनच. "बाय, सर गो बाजूक!" आणि धप्प करून नारळ पडायचा. त्या दिवशी मात्र ते भिंतीला धरून, एका अंगाला वाकडे होत आमच्या दारात आले. डाव्या पायात कळ जाते म्हणाले. मी वाकून नमस्कार केला, त्यांना पालथं झोपवलं आणि कमरेवर टाचेने तीन वेळा चांगलं रेटलं. ते उठले, "बरा वाटला गो बाय," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर मी त्यांना माडावर पाहिलं नाही. नारळ पाडायला मोटारसायकलवरून दुसरा माणूस येऊ लागला, चढायचं लोखंडी यंत्र घेऊन. काका खाली बसून नारळ सोलून द्यायचे. चालताना त्यांची डावी चप्पल जमिनीला घासत यायची, फरप, फरप. वय झालं, असं मी म्हटलं आणि सोडून दिलं.

माझी पाळी दोन वर्षांपूर्वी आली. मागच्या पडवीत आमचा जुना रगडा आहे. मिक्सर आल्यापासून त्यात कुणी काही वाटलेलं नाही, पण सासूबाई त्याला हलवू देत नाहीत. धुण्याचं नवं यंत्र ठेवायला जागा हवी होती. यजमान मालवणला गेले होते आणि मला धीर नव्हता. मी कमरेत वाकले, रगड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि उचलून डावीकडे वळले. नववीला तरफ मीच शिकवते. भार टेकूपासून जितका लांब तितका तो जड, हे माझं दरवर्षीचं वाक्य. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. पाठीत काहीतरी लचकलं आणि कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीपर्यंत, तिथून पायाच्या अंगठ्यापर्यंत विजेसारखी कळ गेली. वीज मला शोधत आली ती अशी, भर उन्हात, छपराखाली.

मी रगड्याला धरूनच खाली बसले. सासूबाई धावत आल्या. आधी त्यांनी रगडा फुटला नाही ना ते पाहिलं, मग मला. "तुका सांगललंय मी, त्या रगड्याक हात लाव नको म्हणान!" आणि मग कपाळाला हात लावून, "पायाळूक उसण भरली! आता हिका कोण पाय लावतलो?"

तो प्रश्न घरात दोन दिवस चर्चेला होता. मला खोकलाही सहन होत नव्हता. शिंक आली की मी उशीत तोंड खुपसायची. यजमान म्हणत होते, कणकवलीला डॉक्टरकडे जाऊया. ते एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊनही त्यांना प्रत्येक दुखण्यावर कणकवली हाच उपाय वाटतो. मी विज्ञानाची बाई, मी तरी हो म्हणायला हवं होतं. पण इतकी वर्षं मी लोकांना पाय लावला आणि स्वतःवर आली तेव्हा डॉक्टर शोधला, असं लोक म्हणतील, या विचाराने मी थांबले. सरळ सांगायचं तर मला माझ्या पायाची अब्रू राखायची होती.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी आचऱ्याकडची एक पायाळू बाई आणली. मासे विकणारी, माझ्याच वयाची, अंगापिंडाने दणकट. "पायाळूक पायाळूच व्हयो," असं म्हणत ती आत आली. मला उंबऱ्यावर पालथं झोपवलं. तिने नमस्कारबिमस्कार केला नाही, करायचं कारणही नव्हतं. पदर खोचला आणि टाचेने तीनदा असं रेटलं की तिसऱ्या वेळी मला ओरडताही आलं नाही. "आता जायत," ती म्हणाली आणि चहा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चप्पल घालायला उजवा पाय पुढे केला, तर अंगठा वर होईना. मी त्याच्याकडे बघत होते, मनातून वर हो म्हणत होते आणि तो जागचा हलत नव्हता. ज्या पायाला गुण होता, तोच पाय. मी घाबरले. इतकी घाबरले की यजमानांनी गाडी काढेपर्यंत मी दारात उभी राहून रडत होते.

कणकवलीपर्यंत मी मागच्या सीटवर आडवी होते, खड्डे मोजायची गरज नव्हती, प्रत्येक खड्डा पाठच मोजत होती. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला, पावलावर पिन टोचून विचारलं, अंगठा दाबून धरून वर करा म्हणाले. एमआरआय झाला. कमरेची चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी फाटून आतला गर मागे आला होता आणि अंगठ्याकडे जाणाऱ्या नसेवर दाबत होता. ते म्हणाले, लगेच ऑपरेशन नको, सहा आठवडे पाहू. पण अंगठ्याची ताकद आणखी कमी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर एक तासही घरी थांबायचं नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि यजमानांकडून वदवून घेतलं.

फिजिओथेरपीच्या ताई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांच्या टेबलावर मणक्यांचं प्लास्टिकचं प्रतिरूप होतं. त्या म्हणाल्या, "मॅडम, लोक म्हणतात गादी सरकली. ती सरकत नसते. बाहेरचं कडं चिवट असतं, आत मऊ गर असतो. कड्याला चीर गेली की गर बाहेर डोकावतो." मी म्हटलं, म्हणजे उकडीचा मोदक. पारीला चीर गेली की आतलं खोबऱ्याचं चून बाहेर. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे मी आता सगळ्यांना सांगणार. मग त्यांनी सांगितलं की बाहेर आलेला गर बहुतेकदा शरीर स्वतःच हळूहळू जिरवतं, आणि साधी पाठदुखी तर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप कमी होते, काही केलं तरी आणि नाही केलं तरी.

त्या पुढे काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. माझी सव्वीस वर्षांची कीर्ती त्या एका वाक्यात गेली. सासरे चौथ्या दिवशी उठले ते उठणारच होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी तसं. राग आला, आणि राग काढायला समोर कुणी नव्हतं.

घरी आल्यावर माझी खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी लावली. फार वेळ बसायचं नाही, पण दिवसभर लोळतही राहायचं नाही. दर दोन तासांनी पालथं होऊन कोपरांवर छाती उचलायची. दुखणं पायातून वर पाठीकडे सरकलं तर घाबरायचं नाही, ते परतीला लागलं समजायचं, असं ताईंनी सांगितलं होतं. आणि खरंच ते अंगठ्यातून निघालं, घोट्याशी थांबलं, पोटरीशी थांबलं, गुडघ्यामागे तर आठवडाभर मुक्काम. प्रत्येक थांब्यावर थांबणाऱ्या एसटीसारखं. "लालपरी आसा, वेळ लागतलोच," यजमान म्हणायचे. अंगठा मात्र हलत नव्हता.

त्याच खाटेवर पडून मी एका सकाळी तो आवाज ऐकला. फरप, फरप, फरप. काका देवळाकडे चालले होते. आठ वर्षं रोज ऐकलेला आवाज. पण आदल्याच दिवशी मी आरशासमोर चालून पाहिलं होतं, आणि माझी उजवी चप्पल तसाच आवाज करत होती. ताईंनी मला त्याचं कारणही सांगितलं होतं. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस दबली की पायाचं टोक लोंबतं, चप्पल घासते. वयाचा त्यात काही संबंध नाही.

काका वाकडे होऊन आले होते. डाव्या पायात कळ होती. म्हणजे त्यांचीही तीच गादी, तीच नस. आणि मी त्यावर टाचेने तीन वेळा रेटलं होतं. त्यानंतर ते माडावर चढले नव्हते.

मी भिंतीकडे तोंड केलं. आधी मला वाटलं, मला काय ठाऊक, आधीच पाय गेला असेल. मग वाटलं, विचारायला काय झालं? चाळीस पावलांवर त्यांचं घर. मग बरं वाटलं की मला चाळीस पावलं चालता येत नाहीत.

पुढच्या खेपेला मी ताईंना विचारलं, लाथ मारल्याने असं होऊ शकतं का? त्यांना वाटलं मी त्या मासेवालीबद्दल विचारते आहे. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही, मॅडम. धक्क्याने वाढू शकतं. आपोआपही वाढलं असतं. आता मागे जाऊन कोण पाहणार?" मी माझ्याबद्दल विचारत नव्हते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या दरम्यान वरच्या वाडीतला एक बागायतदार कमरेला हात लावून दारात आला. काजूच्या पोत्याने पाठ धरली होती. मला खाटेवर पाहूनही सासूबाई म्हणाल्या, पाय नुसतो टेकव गो, मारू नको. मी नाही म्हटलं. त्याला विचारलं, पायात कळ जाते का, मुंग्या येतात का, अंगठा वर होतो का. तो घाबरून अंगठा हलवत राहिला. हलत होता. मी म्हटलं, चालत राहा, ओझं उचलू नका, आठवडाभरात उतार पडला नाही तर कणकवलीला जा. तो गेल्यावर सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पायाचा गुण आपण नाकारला की तो जातो, असं त्यांचं मत. मी म्हटलं, गेला तर बरंच झालं.

पाचव्या आठवड्यात, सकाळी चहा पिताना, माझा अंगठा हलला. भाताच्या दाण्याएवढा. मी यजमानांना हाक मारली, त्यांनी सासूबाईंना, आणि आम्ही तिघं माझ्या अंगठ्याभोवती बसलो. सासूबाईंनी देवासमोर दिवा लावला. ऑपरेशन टळलं. सासूबाई डोळे पुसत होत्या आणि मला बाहेर काका नारळ सोलत होते त्याचा आवाज येत होता. माझा आनंद तिथेच अर्धा झाला.

चालायचं रोज वाढवायला सांगितलं होतं. आधी तुळशीपर्यंत, मग फाटकापर्यंत, मग देवळापर्यंत. फाटकातून डावीकडे वळलं की काकांचं घर, उजवीकडे देऊळ. देवळाच्या बाजूला चढ आहे, तरी मी रोज उजवीकडेच वळले. देवाला वाटलं असेल बाईची भक्ती वाढली. अखेर शाळेत रुजू व्हायच्या आदल्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. मी डावीकडे वळले.

काका ओट्यावर बसून नारळ सोलत होते. मला पाहून त्यांनी हातातला नारळ खाली ठेवला. "बाय, चलाक लागलंस? बरा झाला. बस." मला फार बसायचं नसतं, मी उभीच राहिले आणि पाठ केलेलं सगळं विसरून एकदम बोलले. "काकानू, आठ वर्सांमागे तुमी उसण भरली म्हणान आमच्याकडे इल्लास. मी पाय मारलंय. तुमचो ह्यो पाय कधी गेलो?"

त्यांनी जरा वेळ माझ्या पायांकडे पाहिलं. म्हणाले, "त्याच दिसा. सांजेक माडाक पाय लावलंय, तर अंगठो वर येयना. खाली उतारलंय तो उतारलंयच."

"मगे माका कित्याक सांगलास नाय?"

"सांगतलंय काय? तू आदी माझ्या पाया पडलंस, मगे पाय लावलंस. पाया पडलेल्या पोरीक कोण बोल लावता?" मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "तुझ्या पायान झाला काय होवचाच होता, ता देवाक म्हायत. रडा नको."

माझा नमस्कार त्यांच्या तोंडावर हात ठेवल्यासारखा होता, आणि मी त्याला रीत म्हणत होते. आणखी कुणाकुणाची तोंडं मी अशी मिटवली असतील?

"माझा चुकला, काकानू," मी म्हटलं. मग मी त्यांना सांगितलं की कणकवलीला एक पट्टा मिळतो, पोटरीपासून पावलाखालपर्यंत, त्याने पाऊल लोंबत नाही, माझ्याबरोबर चला.

"आता माडार चढाचा नाय, पट्टो कित्याक होयो?"

"चप्पल घासाची नाय."

"चप्पल घासली नाय तर मी येतंय ह्या सुनेक कळतला कसा? मगे ती तोंडातली तपकीर लपवतली कधी?" आतून सुनेचं हसणं ऐकू आलं. मग ते म्हणाले, "बरा. जावया."

मला वाकायची बंदी होती. ताईंनी शिकवलं होतं तसं मी एक गुडघा जमिनीवर टेकला, पाठ सरळ ठेवली आणि खाली झाले. या वेळी आधी बोलले होते, मग नमस्कार. मी त्यांच्या डाव्या पावलावर हात ठेवला.

"त्या पायाक माका कळना नाय गो बाय," काका म्हणाले आणि त्यांनी उजवा पाय पुढे केला. "ह्या पायाक लाव."

मी डाव्या पायावरचा हात काढला नाही.